रुबार्ब-स्ट्रॉबेरी पायचा रस्सा का होतो?

तुमची अडचण थोडक्यात अशी: मिशिगनमधला पहिलाच वसंत, शेजारच्या आजींनी परसातलं कवळाभर रुबार्ब, म्हणजे लांब आंबट देठांची एक भाजी, पानांसकट आणून दिलं, आणि तुम्ही हौसेने दोनदा स्ट्रॉबेरी-रुबार्ब पाय, म्हणजे दोन पाऱ्यांत सारण भरून भट्टीत भाजतात तो गोड पदार्थ, केला. दोन्ही वेळा कापल्याबरोबर आतून लालभडक रस्सा वाहिला, खालची पारी कच्ची राहिली. पहिला आंबट झाला म्हणून दुसऱ्यात साखर वाढवली, तर रस्सा आणखीच वाढला. शिवाय पानांचं काय करायचं, आणि पुण्यात आईला हा प्रकार करून बघता येईल का, हेही विचारलंय.

मी मिनेसोटात गेली सतरा वर्षं पाय करते आहे, त्यातली नऊ वर्षं शनिवारच्या शेतकरी बाजारात विकायला. तेव्हा हे सगळे घोळ मीही घालून बसले आहे.

पानांचं आधी सांगते, कारण त्यात थांबायला नको. पानं टाकून द्या. ती दिसायला अळूसारखी रुंद असतात आणि मराठी माणसाच्या डोक्यात अळूवडी आल्याशिवाय राहत नाही. माझ्याही आली होती. पण त्या पानांत ऑक्झॅलिक आम्ल इतकं असतं की ती विषारीच धरायची. अळूची खाज चिंच घालून शिजवली की मरते, हे मात्र शिजवून जात नाही. पहिल्या महायुद्धात ब्रिटनमध्ये भाजीची टंचाई होती म्हणून ही पानं खायचा सल्ला दिला गेला आणि लोकांना विषबाधा झाली. कंपोस्टच्या ढिगात टाकली तर चालतात. खायचे ते फक्त देठ. देठांतही हे आम्ल थोडं असतंच, म्हणून घरात कुणाला मुतखड्याचा त्रास असेल तर त्याला पाय चवीपुरता द्या. आणि रुबार्ब शिजवायला स्टीलचं भांडं घ्या, ॲल्युमिनियमचं किंवा कल्हई नसलेलं पितळी नको.

आता पायकडे. (मराठीत 'पाय बिघडला' म्हटलं की लोक आधी गुडघ्याची चौकशी करतात, त्याला इलाज नाही.)

रुबार्ब ही मुळात भाजी. आपला आंबट चुका आणि रुबार्ब एकाच कुळातले, चव घेतलीत तर लगेच पटेल. न्यूयॉर्क राज्यातल्या बफलोच्या कस्टम्स न्यायालयाने 1947 मध्ये त्याला फळ ठरवलं, कारण इथे ते गोडातच वापरतात, पण ते आयातकरापुरतं. ओट्यावर तुम्ही त्याच्याशी भाजीसारखंच वागा. चुका कढईत टाकल्यावर काय होतं ते आठवा: मोठी जुडी पाहता पाहता ओंजळभर होते आणि खाली पाणी जमतं. रुबार्बचं तेच. त्यात सुमारे 94 टक्के पाणी, स्ट्रॉबेरीत 91 टक्के. एका 9 इंची पायमध्ये 450 ग्रॅम रुबार्ब आणि 350 ग्रॅम स्ट्रॉबेरी जाते. म्हणजे दोन पाऱ्यांच्या मध्ये तुम्ही जवळजवळ पाऊण लिटर पाणी भरताय, आणि ते भट्टीत सुटणार हे ठरलेलं आहे. पायच्या निम्म्या खटपटी या पाण्याचा बंदोबस्त करण्यासाठी असतात. आणि साखर हे पाणी ओढून बाहेर काढते, लोणच्यात मीठ काढतं तसं. वर साखर जास्त झाली की स्टार्चला घट्ट व्हायलाही जड जातं. तुम्ही आंबटपणावर साखरेचा उतारा केलात आणि रश्श्यात आणखी पाणी ओतलंत.

म्हणून मी पाणी भट्टीच्या आधीच काढून घेते. रुबार्बचे देठ धुऊन, कोरडे करून बोटाच्या पेराएवढे तुकडे करा. सालं काढत बसू नका, लाली तिथेच असते. अगदी जून, दोरेदार देठ असेल तरच वरचे दोन दोरे ओढून टाका. हिरवे देठ पाहून कच्चे समजू नका, तो जातीचा रंग आहे. चवीत फार फरक नसतो, फक्त पाय जरा फिका दिसतो. तुकड्यांवर 200 ग्रॅम साखर आणि पाव चमचा मीठ घालून ढवळा आणि तासभर विसरून जा. तासाने चाळणीवर ओता. खाली गुलाबी रस निथळेल, वाटीभर तरी. तो स्टीलच्या पातेल्यात मध्यम आचेवर आटवा. निम्म्याहून कमी झाला, पातळ मधासारखा दिसायला लागला की गॅस बंद. एकतारीपर्यंत नेऊ नका, थंड झाल्यावर गोळा होतो आणि मग फळांत मिसळत नाही. पूर्ण गार करून हा पाक परत रुबार्बवर घाला. साखर सगळी आत आहे, चव आत आहे, फक्त पाणी उडालं.

स्ट्रॉबेरीला मात्र साखरेत मुरवायचं नाही. ती फार लवकर मऊ होते. देठ काढून मोठी असेल तर दोन तुकडे, लहान असेल तर अख्खी ठेवा आणि अगदी शेवटी मिसळा. आंबटपणाबद्दल म्हणाल, तर पिकलेली, आतपर्यंत लाल स्ट्रॉबेरी हाच त्यावरचा इलाज. दुकानातली ती भली मोठी, आतून पांढरी, लाकडासारखी स्ट्रॉबेरी घेतलीत तर गोडवा कुठून येणार? इथे मेमध्ये रुबार्ब जोरात असतं आणि शेतातली स्ट्रॉबेरी जूनमध्ये येते, दोन्ही एकत्र मिळतात असे दोन-तीन आठवडेच. माझा सगळा धंदा त्या आठवड्यांत. एका संत्र्याची साल किसून घाला, शक्य असेल तर किसलेलं आलंही अर्धा चमचा. दालचिनी घालू नका असं माझं स्पष्ट मत आहे. ती सफरचंदाच्या पायची, इथे आली की सगळ्याला तीच चव लागते.

आता राहिलेलं पाणी बांधायला काय? मैद्याने सारण गढूळ होतं. कॉर्नस्टार्च चालतं, पण इतक्या आंबटात आणि तासभराच्या भट्टीत त्याची पकड सैल होते. टॅपिओका सगळ्यात भरवशाचा: आंबटाला भीत नाही आणि सारण काचेसारखं स्वच्छ राहतं. इथल्या दुकानांत त्याचा बारीक दाणा पायसाठी म्हणून वेगळा मिळतो, पण तुमच्या फडताळात तो बहुतेक आधीच आहे. उपवासाचा साबुदाणा! तामिळनाडूत सेलमच्या आसपास होतो तो साबुदाणा टॅपिओकाचाच. 40 ग्रॅम साबुदाणा मिक्सरवर अगदी पिठासारखा होईपर्यंत फिरवा, चाळून घ्या आणि सारणात मिसळून पंधरा मिनिटं ठेवा. चाळायचा कंटाळा करू नका. जाडसर कण राहिले तर वरच्या पारीची जाळी विणतो तिच्या उघड्या चौकोनांत ते भिजत नाहीत आणि दाताखाली टणक मणी येतात. एका गिऱ्हाईकाने मला फार सभ्यपणे विचारलं होतं की पायमध्ये काचेचे खडे आहेत का.

पारीसाठी 300 ग्रॅम मैदा, म्हणजे इथलं ऑल-पर्पज पीठ, 225 ग्रॅम बिनमिठाचं लोणी, एक चमचा मीठ, मोठा चमचाभर साखर आणि साधारण 100 मिलिलिटर बर्फाचं पाणी. यातून वरची-खालची दोन्ही पाऱ्या होतात.

आपला हात इथेच दगा देतो. करंजीला आपण कडकडीत मोहन घालतो, पीठ तिंबतो, मऊसूत करतो. इथे सगळं उलट. लोणी फ्रीजमधून काढलेलं, गारढोण, चौकोनी तुकडे केलेलं. ते पिठात टाकून बोटांच्या चिमटीत एकेक चपटं करायचं, चोळायचं नाही. थांबायचं कधी? पिठात हात घातल्यावर काही भाग रव्यासारखा लागतो आणि मध्येच शेंगदाण्याएवढे लोण्याचे चपटे खडे हाताला लागतात, तेव्हा. हे खडे पाहून घाबरून आणखी चोळलंत की संपलं. भट्टीत तेच वितळतात, त्यांच्या जागी पोकळी होते, वाफ थर उचलते आणि पारीला पापुद्रे सुटतात. चिरोट्याला साटा लावून जे करतो तेच हे खडे आपसूक करतात. मग पाणी चमच्या-चमच्याने. मुठीत दाबलं की मुटका वळला आणि कडेला थोडा फुटला, तर पाणी पुरे झालं. पीठ गोळा होऊन भांड्याची कड सोडेपर्यंत पाणी घालत राहिलात तर पारी चिवट होणार. ओट्यावर ओतून, तळहाताने दाबून, घडीच्या पोळीसारखी दोनदा घडी घाला, दोन भाग करा, एक जरा मोठा. चकत्या करून, गुंडाळून दोन तास फ्रीजमध्ये.

लाटायला पोळपाट पुरत नाही, खालची पारी 13 इंच तरी हवी. ओटा पुसून, पीठ भुरभुरून तिथेच लाटा. आपलं निमुळतं लाटणं मला इथल्या जाड लाटण्यापेक्षा बरं वाटतं, हाताला अंदाज येतो. मधून कडेकडे लाटायचं आणि दर दोन हातांनी पारी थोडी फिरवायची, म्हणजे चिकटलेली लगेच कळते. पारी मऊ पडायला लागली, लोणी चमकायला लागलं, की हट्ट न करता दहा मिनिटं परत फ्रीजमध्ये. जुलैच्या उकाड्यात मी एका पायसाठी तीनदा आत-बाहेर करते.

पाय-ताटलीत पारी ओढून बसवू नका, सैल सोडून कोपऱ्यात दाबा. ओढलेली पारी भट्टीत आकसते आणि खाली घसरते. मग सारण. भांड्याच्या तळाशी पुन्हा रस सुटलेला दिसला तर तोही आत घाला, टॅपिओका त्यातच आहे.

वर जाळी विणायची ती नुसती दिसायला नाही. वाफ निघून जायला वाट पाहिजे. दोन सेंटिमीटर रुंदीच्या दहा-बारा पट्ट्या कापा, अर्ध्या उभ्या अंथरा, एक आड एक दुमडून आडवी पट्टी घाला, परत सोडा, मग दुसऱ्या दुमडा. बाजेची वीण पाहिली असेल तर सांगायला नको. जमत नसेल तर अख्खी पारी घालून सुरीने पाच-सहा चिरा पाडा, तेही चालतं. नुसती भोकं पाडून भागत नाही.

कडेचं मात्र जरा सविस्तर सांगते. इथे लोक काट्याने दाबतात किंवा दोन बोटांत चिमटून लाटा काढतात. रुबार्बसारखं पाणचट सारण उकळून वर आलं की त्या लाटांच्या फटीतून रस ताटलीखाली उतरतो. पहिल्या वर्षी बाजारात बारा पाय नेले, गाडीतून उतरवताना दोन खोक्यांच्या कोपऱ्यांतून गुलाबी रस ठिबकत होता आणि मागची सीट आजही त्याची साक्ष देते. त्याच उन्हाळ्यात सासूबाई साताऱ्याहून आल्या होत्या. माझी कड पाहून म्हणाल्या, "हे गं काय चिमटे काढलेस? सर बाजूला." खालच्या पारीची बाहेर आलेली कड त्यांनी जाळीच्या टोकांवर आत वळवली, आणि अंगठ्याने दाब, थोडी ओढ, वर दुमड, पुन्हा दाब, अशी करंजीची मुरड घालत सगळा गोल फिरवला. दोन मिनिटंही लागली नाहीत. तो पाय कडेने एक थेंब गळला नाही. दोरीसारखी ही कड इथेही कुणी कुणी घालतात, पण माझ्या गिऱ्हाइकांना ती माझीच खूण वाटते आणि मी त्यांचा गैरसमज दूर केलेला नाही. तुम्हाला मुरड येत असेल तर तीच घाला. आधी पारी गार असू दे, आणि बोटं पिठात बुडवून घ्या.

पूर्ण पाय भट्टीत जाण्याआधी वीस मिनिटं फ्रीजमध्ये. तेवढ्यात भट्टी 425 फॅरनहाइटला, म्हणजे 220 सेल्सियसला तापवा, आणि खालच्या कप्प्यात एक जाड पोलादी पत्रा किंवा जड बेकिंग ट्रे आतच ठेवून अर्धा तास तापू द्या. खालची पारी कच्ची राहायचं कारण हेच की तिला खालून ताव मिळत नाही. वरून लाल होते, खाली नुसती रसात भिजत बसते. तापलेल्या पत्र्यावर पाय ठेवला की तव्यावर भाकरी टाकल्यासारखं होतं, रस सुटायच्या आत खालचा थर धरतो. ताटली धातूची घ्या. काचेतून खालचा रंग दिसतो हे खरं, पण फ्रीजमधली गार काच तापल्या पत्र्यावर ठेवू नका. माझी एक ताटली अशीच भट्टीत तडकली. त्या दिवशी पाय नाही, भट्टी खरवडणं झालं.

पट्ट्यांवर फेटलेलं अंडं लावा आणि जाड साखर भुरभुरा. अंडं नको असेल तर दूध किंवा साय. 425 ला वीस मिनिटं, मग 375 फॅरनहाइटला, म्हणजे 190 सेल्सियसला, आणखी चाळीस-पन्नास मिनिटं. कडा फार तांबूस व्हायला लागल्या तर वर ॲल्युमिनियम फॉइल सैल टाका. खाली दुसरा ट्रे ठेवा, थोडं उतू जातंच.

झाला कधी म्हणायचा? घड्याळ आणि रंग दोन्ही फसवतात. बहुतेक जण इथेच घाई करतात, आणि मला वाटतं तुम्हीही केलीत. कडेने बुडबुडे दिसले की लोक पाय काढतात, मध्यभागी सारण अजून कोमटच असतं आणि तिथला टॅपिओका उमललेलाच नसतो. मधल्या चौकोनाकडे पाहा. आधी पातळ रसाचे भराभर फुटणारे बारीक बुडबुडे येतात. त्यांना भुलू नका. नंतर ते मोठे, आळसटलेले होतात, पिठलं रटरटतं तसे, फुटताना खड्डा पडतो आणि तो लगेच भरत नाही. हे मध्यभागी दिसायला हवं, आणि दिसल्यावरही पाच मिनिटं द्या. थर्मामीटर असेल तर मध्यभागी 200 फॅरनहाइटच्या वर गेलेला हवा.

मग सगळ्यात अवघड काम: हात न लावणं. जाळीच्या स्टँडवर किमान चार तास. सारण गरम असताना पातळच असतं, निवताना आळतं, साबुदाण्याची खीर थंड झाल्यावर कशी घट्ट होते तशी. दुपारी केलात तर रात्री कापा, रात्री केलात तर सकाळी चहाबरोबर. गरम हवाच असेल तर आधी पूर्ण थंड करून, कापून, मग तुकडा पाच-दहा मिनिटं भट्टीत ठेवा. मायक्रोवेव्हमध्ये पापुद्रे मऊ पडतात. एक दिवस ओट्यावर झाकून राहतो, पुढे फ्रीजमध्ये.

पुढचा पाय करण्याआधी शेजारच्या आजींना एक विचारून घ्या: त्यांना स्ट्रॉबेरी आवडते का? इथल्या जुन्या लोकांत एक मोठा गट असा आहे की रुबार्बच्या पायात स्ट्रॉबेरी घालणं म्हणजे रुबार्बचा अपमान. रुबार्बला इथे पूर्वीपासून 'पाय-प्लांट'च म्हणतात, त्यांच्या लहानपणी वसंतातलं पहिलं आंबट तेच. तसं असेल तर 800 ग्रॅम नुसतं रुबार्ब घ्या, साखर 275 ग्रॅम, बाकी सगळं तेच, फक्त रस जास्त निघेल तो धीराने आटवा. त्यांच्या रुबार्बची परतफेड तुम्ही पाय पाठवूनच करणार ना!

उरलेले देठ चिरून, ट्रेवर एकेक सुटे गोठवून मग पिशवीत भरा, वर्षभर पुरतात. गोठवलेलं रुबार्ब वापरताना चाळणीत वितळू द्या. पाणी आपोआप सुटतं, साखर घालून तेच आटवायचं. तुमच्याकडे स्वतःचं रोप लावायचं मनात असेल तर पहिल्या वर्षी एकही देठ काढू नका, आणि पुढेही जून संपला की थांबा, मुळांना पुढच्या वर्षाची शिदोरी लागते. देठ सुरीने कापू नका, बुडाशी धरून थोडा पिळा आणि ओढा.

आता पुणं. रुबार्बला हिवाळ्यात कडक थंडी लागते, मुळं झोपी गेल्याशिवाय वसंतात देठ फुटत नाहीत, म्हणून आपल्याकडच्या परसात ते येत नाही. काष्ठौषधीच्या दुकानातली रेवाचिनी याच्याच भाऊबंदांची मुळी, पण ती जुलाबाचं औषध. आईंनी ती पायात घालायचा विचारसुद्धा करू नये. खरा पर्याय आहे कैरी. महाबळेश्वर-वाईची स्ट्रॉबेरी नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत मिळते, आणि मार्चमध्ये मंडईत कैऱ्या यायला लागतात, तेवढे काही आठवडे दोन्ही हाताशी असतात. मी एकदा पुण्यात माहेरी केला होता. साल काढलेली कैरी, बोटाच्या पेराएवढे तुकडे, 350 ग्रॅम, स्ट्रॉबेरी 400. कैरीत पाणी कमी, त्यामुळे रस आटवायची गरज पडली नाही आणि साबुदाण्याचं पीठ 25 ग्रॅम पुरलं. साखर कैरीच्या आंबटपणावर. आमची तोतापुरी होती, 150 ग्रॅममध्ये भागलं. घरात मिठाचंच लोणी असेल तर पारीतलं मीठ वगळायचं. आणि मार्चच्या दुपारी मैदा, वाटी, लाटणं सगळंच आधी फ्रीजमध्ये टाकायला सांगा, नाहीतर लोणी हातातच वितळेल. पहाटे उठून पारी केली तर आणखी उत्तम.